गलक्याआडची कॉमेंट्री

सहदेव धुरीने टीव्ही घेतला तो गिरणीतलं काम सुटल्यावर. तरुणपणापासून तो परळच्या एका गिरणीत साचे, म्हणजे कापड विणायचे माग, चालवत होता. संप लांबला, गिरणी पुन्हा सुरू झाली तेव्हा त्याला परत घेतलं नाही. मग मुलुंडला एका गोदामात माल उतरवून घ्यायचं काम मिळालं. नाहूरच्या चाळीत त्याच्या खोलीत टीव्ही आल्यापासून मॅचच्या दिवशी शेजारी जमायचे. त्याची बायको मालन सगळ्यांना चहा करायची आणि क्रिकेटमधलं आपल्याला काही कळत नाही असं दर वेळी सांगायची.

मॅच सुरू झाली की सहदेव उठून आवाज वाढवायचा. थोड्या वेळाने पुन्हा उठायचा. मैदानावरचा गलका एवढा मोठा व्हायचा की फळीवरचे पेले थरथरायचे.

“काका, जरा कमी करा ना,” शेजारच्या खोलीतला नंदकिशोर म्हणायचा. “डोकं उठलं.”

“मग तो काय बोलतो ते कळणार कसं रे? नुसता गोंगाट येतोय.”

“ते खरं आहे. हे लोक माईक पब्लिकमध्येच ठेवतात बहुतेक. कॉमेंट्री पार दबून जाते.”

नंदकिशोरने असं म्हटलं की सहदेवला बरं वाटायचं. त्रास सगळ्यांनाच होतोय, दोष तिकडचा आहे. त्याने एकदा मेकॅनिकही बोलावला. मेकॅनिकने मागचं झाकण काढलं, स्पीकरवरची धूळ झटकली आणि सांगितलं, “सेट ठीक आहे. तिकडूनच आवाज तसा येतो.” त्यानंतर कितीतरी दिवस सहदेव भेटेल त्याला हेच सांगत होता.

एका रविवारी मॅच चालू असताना मैदानात कुत्रं शिरलं. दोन खेळाडू त्याच्यामागे धावले, प्रेक्षकांनी आरडाओरडा केला, आणि मध्येच खोलीतले सगळे एकदम हसले. सहदेवही हसला, पण जरा उशिरा. मग त्याने नंदकिशोरच्या बायकोला, वसुधाला, हळूच विचारलं, “काय झालं गं?”

“कॉमेंट्रीवाला म्हणाला, आज मैदानावर सगळ्यात चपळ हाच दिसतोय.”

“तुला ऐकू आलं? एवढ्या गलक्यात?”

“आलं की काका. दबकं होतं, पण आलं.”

सहदेवने एकेका चेहऱ्याकडे पाहिलं. सगळ्यांना आलं होतं. वसुधाच्या मांडीवरच्या लहान मुलीलाही. त्यांना वाईट ऐकू येत होतं, आणि त्याला येतच नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्याच्या आजवर ध्यानातच आलं नव्हतं.

आणि ते कळणार तरी कसं? साच्यांच्या खात्यात कानांचा उपयोगच नव्हता. शेकडो साचे एका वेळी खडखडत असायचे. माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलायची, हातांनी खुणा करायची. घरी मालन नेहमी समोर येऊन बोलायची. ती त्याच गिरणीत सूत गुंडाळायच्या वाइंडिंग खात्यात होती, तिलाही तीच सवय. त्यामुळे त्याचे कान कधी गेले हे दोघांनाही समजलं नव्हतं.

पुढच्या मॅचला शेजारी आले तेव्हा सहदेवने चपला घातल्या. “तुम्ही बघा. मला जरा बाहेर काम आहे.” त्याच्या पुढच्या मॅचलाही त्याला काम निघालं. तिसऱ्या वेळी मालन त्याच्यामागे दारापर्यंत आली.

“खंय जातास?”

“असोच.”

“टीव्ही तुमी हौसेन घेतलास. आणि आता लोकांका बघूक देऊन तुमी रस्त्यार फिरतास?”

तो कठड्याला टेकून उभा राहिला. खाली मुलं विटी-दांडू खेळत होती. त्यांच्याकडे बघतच म्हणाला, “माका ऐकाक येणा नाय गो. गलको ऐकाक येता, पण शब्द कळनत नाय.”

मालनने त्याला आत आणलं, स्टूल ओढून टीव्हीला लागून ठेवलं आणि पडद्याकडे पाठ करून त्याच्याकडे तोंड करून बसली. कॉमेंट्री ऐकायची आणि आवाज न काढता ओठांनी त्याला सांगायची. शेजाऱ्यांना पहिल्यांदा ते विचित्र वाटलं. मग सवय झाली. हिंदी कॉमेंट्री तिला जमायची. इंग्रजी लागली की ती मान वळवून पडद्याकडे बघायची आणि दिसेल ते सांगायची. “तो उंच बापडो चिडलोहा.” “ह्येका पाणी होया.” सहदेवला कधीकधी एवढं हसू यायचं की नंदकिशोर विचारायचा, “काकी काय सांगतायत एवढं?”

“तुझ्या कॉमेंट्रीवाल्याला सुचत नाही ते,” सहदेव म्हणायचा.

मालनच्याच आग्रहाने तो इस्पितळात जाऊन आला. साच्यांनी कान खाल्ले, ते परत यायचे नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं आणि कानाला लावायचं यंत्र दिलं. गोदामात ते उपयोगी पडलं. पण यंत्र सगळंच मोठं करायचं, कॉमेंट्री आणि गलका दोन्ही. मॅचच्या वेळी तो ते काढून ठेवायचा.

मग वानखेडेवर एक मोठी मॅच झाली. खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. आपले खेळाडू एकामागोमाग बाद होत गेले, आणि दुपारभर घोंगावणारं ते मैदान एकदम गप्प झालं. खोलीही गप्प झाली. मालनसुद्धा ओठ हलवायचे विसरली. त्या शांततेत सहदेवला एका माणसाचा दमलेला आवाज आला. “अब यहाँ से बहुत मुश्किल है.”

त्याने मालनकडे पाहिलं. तिचे ओठ बंद होते.

“काका, आपण हरतोय आणि तुम्ही हसताय?” नंदकिशोर म्हणाला.

आवाज न काढता सहदेवने मालनला सांगितलं, ऐकलं मी. तिला क्षणभर कळलं नाही. मग कळलं, आणि तिने पदराने तोंड पुसल्यासारखं केलं.

थोड्या वेळाने एक चौकार बसला. लोक उठून ओरडायला लागले आणि तो आवाज पुन्हा बुडाला.

मॅच हातची गेली. शेजारी फारसं न बोलता आपापल्या घरी गेले. मालन तांदूळ निवडायला बसली तेव्हा सहदेव तिच्यासमोर येऊन बसला.

“त्या चौक्यार तो काय म्हणालो?”

“तेवा इंग्रजी चालू होता,” मालन म्हणाली. आणि मग तिने आपल्याला दिसला तसा तो चौकार त्याला सांगितला.