सुदुंबऱ्याच्या वाटेवर सायकल

मी तेव्हा अडतीस वर्षांची होते. यजमान जाऊन चार वर्षं झाली होती आणि तळेगावातल्या एका लहानशा दवाखान्यात मी नर्स म्हणून काम करत होते. त्या हिवाळ्यात सुदुंबऱ्याची एक बाई गुऱ्हाळात भाजून आमच्याकडे आली. उकळता रस सांडून तिचा उजवा पाय गुडघ्याखाली पार सोलवटला होता. आठवडाभरानं घरच्यांनी तिला गावी नेलं. डॉक्टर मला म्हणाले, "दिवसाआड जखम धुतली नाही, तर पाय हातचा जाईल."

"मी जाईन," मी म्हटलं.

जाऊन-येऊन सहा-सात कोसांची चाल. तिसऱ्या खेपेनंतर दुसऱ्या दिवशी दवाखान्यात मी बाकावर बसल्या बसल्या झोपले. ते पाहून डॉक्टरांनी स्वतःची जुनी सायकल माझ्यापुढे उभी केली. मी हसले, पण दुसरा उपाय मलाही दिसत नव्हता.

आमच्या चर्चमागच्या मोकळ्या जागेत मी शिकायला लागले. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचायचा, दगडावरून सीटवर बसायचं आणि पडायचं. घाणेरीच्या झुडपात मी इतक्यांदा पडले की दंडावरचे ओरखडे मोजणं सोडून दिलं. दिवसाआडच्या खेपा पायीच चालू होत्या; दहा दिवसांत थोडा तोल आला. तेवढ्यावर भरवसा ठेवून मी निघाले आणि वाटेवरच्या इंदुरी गावात, ऐन बाजाराच्या दिवशी, सगळ्यांच्या देखत आडवी झाले. पट्ट्यांची गुंडाळी धुळीत लांबवर उलगडत गेली. बाजार खदखदून हसला. एका म्हाताऱ्यानं सायकल उचलून दिली, पण तोही म्हणाला, "मावशी, ह्ये बायामानसाचं काम न्हाई. पाय मोडला तर तुमालाच पट्ट्या कोन बांदनार?"

त्या दिवशी मी सायकल हातात धरून सुदुंबऱ्याला गेले आणि तशीच परत आले. डॉक्टरांना सांगून टाकलं, "माझ्यानं होणार नाही. दुसरं कुणी बघा."

दुसरं कुणी नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

रविवारी प्रार्थनेला गुडघे टेकले तर इंदुरीत पडून फुटलेला गुडघा असा ठणकला की डोळ्यांत पाणी आलं. मी प्रभूला सरळ म्हटलं, "तुझंच काम आहे ना हे? मग माझं हसं का करतोस?" समोरचा साधा लाकडी क्रूस पाहताना मनात आलं, त्यालाही लोक हसले होते. त्याच्यावर तर थुंकलेही होते. माझ्यावर इंदुरीत कुणी थुंकलं नव्हतं. उलट एकानं सायकल उचलून दिली होती. हसं होणं एवढंच दुःख असेल, तर ते त्याच्या सोबतीनं मला सहज झेपण्यासारखं होतं. मी डोळे पुसले आणि प्रार्थना बदलली. पाडू नकोस असं मागितलं नाही. पडले तर उठव, एवढंच मागितलं.

सोमवारी मी पुन्हा सायकल काढली. इंदुरीच्या अलीकडे एकदा पडले, उठले, पुढे गेले. बाजारपेठेतून जाताना लोक बघत होते. मी घंटी वाजवली. सुदुंबऱ्यात त्या बाईच्या अंगणापर्यंत मी सीटवरच होते. उतरता मात्र नीट आलं नाही, गोठ्याच्या कुडाला धरून थांबले.

बाई माझा गुडघा पाहून म्हणाली, "अवो, तुमालाच लागलंय की! आन तरी आला?"

"देवानं उठवलं, म्हणून आले."

तिनं बसायला पाट सरकवला. "तुमचा देव लय चिवट दिसतोय."

"व्हय," मी तिच्याच बोलीत म्हटलं आणि पाणी तापवायला सांगितलं.

अडीच महिने मी एकही खेप चुकवली नाही. जखम काठांकडून भरत आली, गुलाबी कातडी धरली. चैत्रात ती काठी न घेता विहिरीवर जाऊन घागर भरून आली. तोवर परंदवडी गावाहूनही एका रुग्णासाठी बोलावणं आलं होतं. ती वाट चढाची होती आणि चढावर सायकल कशी मारायची ते मला अजून यायचं होतं. मी दुसऱ्याच दिवशी निघाले.