सत्यभामाबाईंनी पाडलेले तुकडे

वणीत अमर सरांचा पोलीस भरतीचा क्लास आहे. मी तिथे गणित शिकवतो, म्हणून हे बहुतेक सगळं डोळ्यांदेखतचं. दोन वर्षांपूर्वी सरांनी अ‍ॅप काढलं आणि कार्डावर ‘डिजिटल क्रांतिकारक’ असं छापून घेतलं. क्रांती कसली, तर एक भारी कॅमेरा आणला आणि तासाची सतरा जीबीची फोर-के फाईल जशीच्या तशी सर्व्हरवर ढकलायची.

ढकलायचं काम सत्यभामाबाईंकडे. बाई राजूरच्या, नवरा कोळसा खाणीत. वीस वर्षं त्यांनी लग्नाच्या व्हिडिओंचं मिक्सिंग केलेलं. सर त्यांना चारचौघांत ‘मिक्सिंगवाल्या बाई’ म्हणत.

महिनाभरात तक्रारी आल्या. चित्र अडकतं, नुसतं चक्र फिरतं. सरांचं निदान तयार होतं, “खेड्यातल्या पोरायचे मोबाईलच भंगार. मी काय करू?”

बाईंची भाची वैष्णवी बोरी अरब या गावी राहून याच अ‍ॅपवर शिकायची. एका रविवारी बाई तिच्याकडे गेल्या. पोरगी गच्चीच्या कोपऱ्यात मोबाईल धरून बसलेली. तासाभरात सहा मिनिटं चालली. त्यातलं पहिलं मिनिट प्रत्येक तासाआधी लागणाऱ्या सरांच्या एंट्रीचं: ज्वाळा, धूर, ढोल आणि ज्वाळांतून चालत येणारे सर.

“मावशी, मले सरायची आग नाही पाह्यची, टक्केवारी शिकाची हाये,” वैष्णवी म्हणाली.

सोमवारी बाई सरांपुढे उभ्या राहिल्या. एकच जड फाईल नको. त्याच तासाच्या हलक्यापासून जडपर्यंत चार प्रती करू, प्रत्येकीचे चार-चार सेकंदांचे तुकडे पाडू, सोबत तुकड्यांची यादी देऊ. नेटवर्क पडलं की मोबाईल आपसूक हलका तुकडा उचलतो, सुधारलं की जड.

“माझ्या लेक्चरचे तुकडे?” सर हसले. “बाई, हे लगनाची कॅसेट नोहे.”

बाईंनी परवानगीची वाट पाहिली नाही. पहिला प्रयत्न फसला. प्रत बदलली की चित्र उडी मारायचं आणि सरांचं एकच वाक्य दोनदा ऐकू यायचं. एरवीही ते तसंच बोलतात, त्यामुळे दोन दिवस मला कळलंच नाही. चारही प्रतींत कापायच्या जागा जुळत नव्हत्या. बाईंनी सगळे तास पुन्हा बनवले, काप सगळीकडे नेमका एकाच क्षणी पडेल असे. ज्वाळा काढून टाकल्या. सगळ्यांत हलक्या प्रतीत फळ्यावरचे आकडे पुसट दिसायचे, म्हणून सरांना अक्षर मोठं काढायला सांगितलं. सरांना तो अपमान वाटला. मी मोठं काढू लागलो.

वर्धापनदिनाला हॉलमध्ये तीनशे माणसं, तीनशे मोबाईल. नेटवर्कचा जीव गेलेला. तरी मोठ्या पडद्यावर दाखवायला लावलेला अ‍ॅपवरचा तास थांबला नाही. चित्र धूसर झालं, आवाज मात्र स्वच्छ.

“पाहा! ही फोर-केची ताकद!” सर माईकवर गरजले. तेव्हा पडद्यावर सगळ्यांत हलकी प्रत चालू होती. सरांचं नाक आणि मिशी एक झालेली. पाहुणे माना डोलावत होते.

“सांगा ना उठून,” मी बाईंना म्हटलं.

“कायले? चालून राह्यलं ना.”

त्यानंतर सरांना ज्वाळा गेल्याचं कळलं. बाईंना केबिनमध्ये बोलावलं. मीही मागोमाग गेलो.

“कोणाले इचारून आग काढली?”

“वैष्णवीले.”

“कोण वैष्णवी?”

“तुमचीच विद्यार्थिनी.”

बाईंनी तिथेच आकडे दाखवले. आधी शंभरातली अकरा पोरं तास शेवटपर्यंत पाहायची, आता त्रेसष्ट. सरांनी आकडे दोनदा वाचले. मग म्हणाले, “शिकवणंच तसं हाये माझं.” ज्वाळा परत लावायचं मात्र त्यांच्या तोंडून निघालं नाही.

वैष्णवी लेखी परीक्षा पास झाली. सरांनी चौकात फलक लावला. तिचा फोटो पासपोर्टएवढा, स्वतःचा दरवाज्याएवढा. बाईंचं नाव कुठेच नाही. मी रागाने बडबडत क्लासवर आलो, तर बाईंनी व्याकरणाचा नवा तास चार प्रतींत बनायला लावून डबा उघडला होता.

“बसा सर,” त्या म्हणाल्या, “अंबाडीची भाजी हाये.”