पिशवीत न दिलेला चहा

वाशीच्या दवाखान्यासमोरच्या त्या चहावाल्याचं नाव मला आजही ठाऊक नाही. आईला ॲडमिट केलं होतं. मी आईसाठी म्हणून चहा पिशवीत बांधून मागितला, तसं त्यानं हातातलं पातेलं खाली ठेवलं.

“कढत चहा पिशवीत न्हाय देत. प्लॅस्टिक चहात उतरतंय. आजारी माणसाला ते पाजू व्हय?”

“बंदी आहे म्हणून?”

“बंदी हाय, तर पिशव्या येत्यात कुठनं? मला पटत न्हाय म्हणून.”

त्यानं चहा स्टीलच्या किटलीत ओतला, झाकण पुसलं आणि किटली माझ्या हाती दिली. ना नाव विचारलं, ना गाव.

आई बरी झाली. घरी निघताना म्हणाली, “भांडं रिकामं परत देऊ नये रे.” मी किटलीत गुळाचा खडा टाकला.

झाकण उघडताच चहावाल्याचा चेहरा फुलला. “आई घरी निघाली म्हणायची!”

“कसं ओळखलं?”

“माणूस बरं झालं की किटलीत कायतरी येतंच. कुणी शेंगा टाकतं, कुणी बोरं.”

शेजारी नुकतीच परत आलेली दुसरी किटली होती. रिकामी.

“आन् ही अशी आली, की मी काय इचारत न्हाय.”

ती त्यानं कपाळाला लावली आणि मगच विसळायला घेतली.