क्लेम टॅकेट ओरडत होता

झोप लागते आहे की नाही, हे महानंदाला नक्की सांगता येत नाही. पंखा फिरतोय एवढं कळतं. सोलापुरातली उन्हाळ्याची दुपार आहे, खिडकीला ओली चादर लावलेली आहे आणि सासूच्या खाटेशेजारी वेताच्या खुर्चीत ती पाय खाली सोडून बसली आहे. पाय वर घेतले की डोळा लागतो, आणि डोळा लागला की सासूची कूस बदलायची राहते. सासूला घरात सगळे अव्वा म्हणतात. अव्वांची डावी बाजू दोन वर्षांपूर्वी लकव्यानं गेली. बोलतात मात्र दोन्ही बाजूंनी.

मांडीवर आजचा पेपर आहे. खेळाच्या पानावर, खालच्या कोपऱ्यात बोटभर बातमी. ऑस्ट्रेलियाचा जुना फलंदाज क्लेम टॅकेट वारला. वर मथळा: ‘वेदना ठाऊक नसलेला माणूस’. महानंदाने ती बातमी सकाळपासून तुकड्यातुकड्यानं वाचली, एक ओळ भाकरी थापताना, एक ओळ अव्वांचं अंग पुसताना. शेवटची ओळ वाचणार तेवढ्यात पुण्याहून धाकट्या दिराचा, बसवराजचा फोन आला.

“वहिनी, उद्या तिकडं यायचं काही जमत नाही हो. ऑडिट लागलंय. आणि आमच्या हिला, जयश्रीला एकटीला अव्वांचं काय झेपणार? तुमचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात करू की. तुम्ही काय, खंबीर आहात. आणि रविवारी तुमचा सत्कार पण आहे ना!”

ऑपरेशन पित्ताशयाचं. आत खडे झालेत, आणि ते कधी कळ आणतील याचा नेम नाही. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, आता थांबलात तर पिशवी आत फुटेल आणि मग माझ्या हातात काही राहणार नाही. तारीख आधी दोनदा पुढे गेली. एकदा नणंदेच्या घरच्या लग्नासाठी, एकदा नवऱ्याच्या चादरीच्या दुकानात दिवाळीची गर्दी म्हणून. सत्कार आहे तो कॉलनीच्या महिला मंडळाचा, ‘आदर्श सून’ म्हणून. शाल, श्रीफळ, आणि फोटो.

महानंदा फोनवर “बरं” म्हणाली. ते “बरं” सकाळपासून तिच्या घशात फुटाण्याच्या सालासारखं चिकटून बसलंय. पाणी पिऊनही जात नाही.

पंखा खडखडतो. मग खडखड जरा दाट होते. मग पंखा टाळ्या वाजवायला लागतो.

ती उठते, अव्वांसाठी पाणी आणायला. स्वयंपाकघराचं दार ढकलते तर समोर माठ नाही, लाकडी पायऱ्या आहेत. अंगाला चोळायच्या तेलाचा वास, कापलेल्या गवताचा वास. खाली एका लांब बाकावर एक माणूस बसलाय. पांढरे कपडे, आणि जबड्याखालून डोक्यावर टॉवेल बांधलेला, गालगुंड झालेल्या पोरासारखा.

तिनं त्याला कधी पाहिलेलं नाही. तरी ओळखते.

“तुम्ही एवढे बुटके?” तिच्या तोंडून निघून जातं.

“रेडिओवर सगळे उंचच असतात की बाई,” क्लेम टॅकेट म्हणतो. मराठीत म्हणतो, आणि तेही सोलापूरच्या. झोपेत हे खटकत नाही.

रेडिओ तिच्या वडिलांचा होता. थंडीत, उजाडायच्या आत, कांबळ्याखाली कान लावून ती ऑस्ट्रेलियातल्या मॅचेस ऐकायची. कुणी शिकवलं नाही, कुणी बोलावलं नाही. इंग्रजी ती शाळेत शिकलीच नाही, तिथं शिकली. ‘हाऊज दॅट’ आधी आलं, ‘हाऊ आर यू’ मागून. आणि एका पहाटे क्लेम टॅकेटच्या जबड्यावर चेंडू बसला. हाड मोडलं. मग बरगडीवर बसला. तरी तो उतरत्या उन्हापर्यंत खेळला आणि हरलेली मॅच वाचवली. समालोचक गहिवरून सांगत होता, बघा, हूं नाही की चूं नाही. दहा-अकरा वर्षांच्या महानंदानं ते कांबळ्याखाली गाठीला बांधून ठेवलं. माणसानं असं असावं.

“पेपर वाचलास?” टॅकेट विचारतो.

“वाचला. वेदना ठाऊक नसलेला माणूस.”

तो टॉवेलाच्या आतून थुंकल्यासारखा हसतो. “कुणी छापलं ते? त्याला इकडं आण. त्याच्या जबड्यावर एक बॉल टाकतो, मग विचारतो ठाऊक आहे का म्हणून.”

“अहो, चांगलं लिहिलंय.”

“चांगलंच लिहितात. तोच तर राग आहे.”

बोलता बोलता बाकाखालची फरशी संपते आणि गवत सुरू होतं. गवतावर एक लोखंडी खाट आहे, सरकारी दवाखान्यातली, पांढरा रंग उडालेली. महानंदा ती खाट ओळखते. थोरल्या मुलाच्या बाळंतपणात ती याच खाटेवर होती. आता तिलाही राग येतो, आणि तो कुठून येतो ते कळायच्या आत बाहेर पडतो.

“तुमच्यामुळं मी इथं ओरडले नाही! नर्स म्हणत होती, ओरड गं बाई, मोकळं वाटतं. मी दात आवळून पडले होते. मनात म्हणत होते, टॅकेट उभा राहिला, टॅकेट उभा राहिला. रात्रभर! दाताचा तुकडा पडला माझा!”

“मला विचारायचं तरी होतंस.”

“कसं विचारणार? रेडिओ ऐकवतो. ऐकतो थोडाच?”

 टॅकेट खाटेच्या कडेवर बसतो. खाट कुरकुरते.

“मी ओरडत होतो, बाई,” तो म्हणतो. “दिवसभर. एकेका बॉलला. आईच्या नावानं ओरडत होतो.”

“काहीच ऐकू आलं नाही.”

“टाळ्या होत्या ना.”

 गवतावर ऊन पडलंय आणि त्या उन्हाला ओल्या चादरीचा वास आहे.

“दोनदा निघालो होतो मी,” तो सांगतो. “अंपायरच म्हणाला, जा बाबा, रक्त थांबेना. निघालो. निम्म्यात आलो तर कुंपणापाशी आमचा कॅप्टन.  त्यानं नुसता हात वर केला, असा, चौकातल्या पोलिसासारखा. मी थांबलो. तेवढ्यात लोकांना वाटलं, हा परत खेळायला वळला. अख्खं मैदान उठून उभं राहिलं. उभ्या राहिलेल्या माणसांतनं बाहेर कसं पडायचं? टाळ्यांनी फाटक लावून घेतलं गं. दुसऱ्यांदाही तेच. आणि रेडिओवाला सांगतोय, टॅकेट जरा पाय मोकळे करतोय.”

“हो,” महानंदा म्हणते. “असंच म्हणाला होता. पाय मोकळे करतोय.”

“जबडा वाकडाच जुळला. त्यानंतर मी पावाची कड चावली नाही कधी. आयुष्यभर सूप. तुमच्याकडं ती कडक भाकरी असते म्हणे.”

“दुधात कुस्करून देईन,” ती म्हणते, आणि तिचा राग एवढासा होतो.

“नको. आता भूक नाही.” तो टॉवेलाची गाठ चाचपतो. “एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण त्यांनी माझ्या नावाचं बक्षीस काढलं. लागलेलं असताना जो मैदान सोडत नाही, त्याला. एक पोरगा होता, काय सुंदर खेळायचा, माझ्यासारखा ठोकळा नव्हता. डोळ्यावर बॉल बसला. गेला नाही. का, तर टॅकेट गेला नव्हता. आता एकाच डोळ्यानं बघतो. आणि पहिलं बक्षीस कुणाला? त्याला. दिलं कुणी? मी. या हातानं. वर सगळे उभे राहून...”

“दिलं कशाला मग?” महानंदा ओरडते. “नाही म्हणता येत नव्हतं? एवढे तोंडाचे खमके म्हणून नाव तुमचं!”

“तू बरं म्हणालीस कशाला?”

गवतावर मांडव पडतो. कॉलनीतल्या गणपतीचा असतो तसा, लाल-पिवळा. खुर्च्या मांडल्यात. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई ताटात शाल घेऊन उभ्या आहेत आणि माइकमध्ये फुंकतायत. मांडवाच्या मधोमध खेळपट्टी आहे, आणि महानंदा तिच्यावर उभी आहे, हातात बॅट, इरकल साडीवर पायांना पॅड बांधलेले. पॅड जुने आहेत, चामड्याच्या पट्ट्यांचे नि बक्कलांचे, आणि कुणीतरी पट्ट्या फार आवळल्यात. पोटऱ्यांना रग लागलीय. स्लिपमध्ये तिचा नवरा हात पसरून वाकलाय. सगळं सासर जागोजागी उभं आहे, लग्नात घालायच्या कपड्यांत. पलीकडच्या स्टंपामागे अंपायर म्हणून अव्वा उभ्या आहेत. पांढरं लुगडं, कपाळावर विभूती. दोन्ही पायांवर उभ्या आहेत.

बसवराज धावत येतो. धावता धावताच म्हणतो, “सॉरी हं वहिनी, तुम्ही खंबीर आहात,” आणि चेंडू टाकतो.

चेंडू तिच्या उजव्या बरगडीखाली बसतो. अगदी तिथंच. डोळ्यांपुढं काजवे चमकतात. सासर टाळ्या वाजवतं. नवरा शेजारच्याला कौतुकानं सांगतो, “आमची ही कधी कुरकुरत नाही.”

बसवराज परत मागं चालत जातो, पुढच्या चेंडूसाठी.

पलीकडच्या टोकाला टॅकेट आहे, बॅटीवर रेलून. “नियम माहिताय ना?”

“कुठला?”

“लागलेल्या माणसाचा. कांबळ्याखाली पाठ केलेलेस ना सगळे?”

केले होते. महानंदाला हा नियम झोपेतसुद्धा म्हणता येतो, आणि झोपेतच म्हणते. “आऊट होऊन गेलं की परत येता येत नाही. लागलं म्हणून गेलं, तर बरं झाल्यावर परत येता येतं. फक्त जाताना अंपायरला सांगावं लागतं.”

“मग?”

“मग काय?”

“मग सांग की! आऊट व्हायची वाट बघायलीस काय?”

तिकडून बसवराज निघालाय. महानंदा बॅट खाली ठेवते. खेळपट्टीवरून चालत अंपायरकडं जाते. पॅडमुळे फेंगडी चालते, त्यात साडी. अव्वांसमोर उभी राहते. या बाईसमोर ती लग्न होऊन आल्यापासून उभी आहे. चहा घेऊन, औषध घेऊन, भांडं घेऊन. मोकळ्या हातांनी कधी उभी राहिल्याचं तिला आठवत नाही.

“अव्वा,” ती म्हणते, “मला दुखतंय.”

 अव्वा एक हात उचलतात आणि फाटकाकडं करतात.

आणि सगळे उठतात. उभे राहून टाळ्या वाजवायला लागतात. अध्यक्षीणबाई शाल उलगडून वाटेत येतात, नवरा येतो, नणंद येते, हसतायत सगळे, प्रेमानं हसतायत, खांद्याला खांदा लावून भिंत झालीय, आणि फाटक त्यांच्या पाठीमागं आहे. महानंदा मागं वळून बघते. टॅकेटनं टॉवेल सोडलाय. जबडा वाकडा आहे. तो तोंड उघडतो, जेवढं उघडतं तेवढं, आणि तिला खूण करतो. आता तू.

महानंदा ओरडते.

पहिल्यांदा नुसती हवा निघते. मग ते घशात अडकलेलं साल सुटतं, आणि आवाज येतो. थोरल्याच्या वेळचा, मग त्याच्याही आधीचा, तो सगळा आवाज येतो. टाळ्या थांबतात. ती पायांतल्या पट्ट्या ओढून सोडते, पॅड तिथंच टाकते आणि माणसांना बाजूला सारत चालायला लागते.

“काय गं, केवढ्यानं वरडलीस,” अव्वा म्हणतात.

पंखा आहे. ओली चादर वाळलीय. पेपर जमिनीवर पडलाय. अव्वा खाटेवरून मान वळवून बघतायत. “शेजारची पुजारीण डोकावून गेली. मला वाटलं, मीच गेले की काय.”

महानंदा तोंड पुसते. बरगडीखाली कळ आहे. खरीच आहे.

“अव्वा, मला दुखतंय.”

“ते दिसतंय की. वर्ष झालं दिसतंय. तू बोलंना, मी कशाला बोलू?” अव्वा उजव्या हातानं उशाशी पडलेला फोन पुढं सरकवतात. “एकदा बोलले असते तर बरं झालं असतं. पण तू न्हाईस तर माझं कोण करणार, म्हणून गप बसले. घे. आता बशाला फोन लाव.”

महानंदा फोन लावते.

“बसू, आजच रात्रीच्या गाडीनं निघा. दोघंही. उद्या सकाळी मी दवाखान्यात ॲडमिट होतेय.”

“अहो वहिनी, पण सकाळी आपलं ठरलं ना, ऑडिट...”

“सकाळी मी बरं म्हणाले. ते आता परत घेतेय.”

“आणि रविवारचा सत्कार? मंडळाला काय सांगायचं?”

“तू जा की सत्काराला. बायकोला घेऊन जा. शाल मिळाली तर अव्वांच्या पायावर घाल, पहाटे त्यांना गार लागतं. त्यांची कूस कशी बदलायची, ते त्याच सांगतील. त्यांना सगळं येतं सांगायला.”

“वहिनी, एवढं काय हो चिडायचं? तुम्ही तर...”

“खंबीर म्हणालास तर फोन ठेवीन.”

 बसवराज हळूच विचारतो, “फार दुखतंय का?” हे त्यानं, किंवा त्या घरातल्या कुणीही, तिला पहिल्यांदाच विचारलंय.

“हो,” महानंदा म्हणते. “फार.”

“येतो,” तो म्हणतो. “निघतो आम्ही.”

फोन ठेवून ती दवाखान्याची पिशवी भरायला उठते. दोन साड्या, टॉवेल, रिपोर्टांची फाइल. खालचं कपाट उघडायला वाकते तशी साडी जरा वर सरकते.

“पायाला काय झालं गं?” अव्वा खाटेवरून विचारतात.

महानंदा वळून बघते. खुर्चीची काठी लागली असेल म्हणून हात फिरवते. पण काठी पोटरीला आडवी एकदाच लागते. दोन्ही पोटऱ्यांवर तीन-तीन पट्टे आहेत, बोटाएवढे रुंद, खोल रुतलेले, लालभडक. आणि एकेका पट्ट्याच्या बाहेरच्या टोकाला बक्कलाचा चौकोन.

तिथं आता खाज सुटलीय. फार वेळ आवळून ठेवलेलं काही सोडलं की सुटते तशी. महानंदा पिशवी बाजूला ठेवते, खाली फरशीवर बसते, आणि दोन्ही हातांनी पोटऱ्या खसाखसा खाजवत राहते.