उट्टं नावाचा फोल्डर

माझ्या मेलमध्ये एक फोल्डर आहे, त्याचं नाव ‘उट्टं’. दीड वर्ष तो रिकामा होता. रोज सकाळी लवळ्याच्या कॉलेजात पोचले, ग्रंथालयाचं कुलूप काढलं, की पंखा लावायच्या आधी मी तो उघडून बघायचे आणि बंद करायचे. लोक देवाला हात जोडतात, मी हे करायचे. मला त्याची अजिबात लाज वाटत नाही.

झालं होतं ते असं. आमच्या ग्रंथालयात पुस्तकं शोधायला एक फुकट मिळणारा प्रोग्राम आहे. काही हौशी माणसं मिळून तो सांभाळतात. त्यात एक खोट होती. शेतातल्या पिकांच्या पुस्तकांचा क्रमांक इंग्रजी आकड्यात, 633 असा टाकला की भाताच्या लागवडीचं पुस्तक लगेच दिसायचं, मराठीत ६३३ टाकलं की असं पुस्तकच नाही म्हणून सांगायचा. मोबाइलवर मराठीत टाइप करणारी मुलं हात हलवत परत जायची आणि पुस्तक मागच्याच कपाटात असायचं. मी काही प्रोग्रामर नाही, ग्रंथपालांची मदतनीस आहे. तरी महिनाभर जेवणाच्या सुट्टीत बसून मी तो प्रोग्राम वाचला आणि अकरा ओळींची दुरुस्ती लिहिली. माझं नाव लागेल असं काहीतरी मी आयुष्यात पहिल्यांदाच केलं होतं.

नाव लागणं म्हणजे काय, हे आमच्या घरात समजावून सांगावं लागत नाही. आईचं माहेर मुळशी धरणाच्या काठावरचं. आजोबा गेल्यावर मामा जीप घेऊन आला, तिला पौडच्या कचेरीत घेऊन गेला, वाटेत गरम भजी खाऊ घातली आणि हक्कसोडपत्र पुढं केलं. “घरचाच कागुद हाय आक्का, कर सही,” म्हणाला. तिनं केली. सातबाऱ्यावरून तिचं नाव गेलं आणि तिच्या लहानपणच्या भातखाचरात आता रिसॉर्टचा निळा स्विमिंग पूल आहे.  आई तेव्हापासून राखी पोस्टानं पाठवते.

तर ती दुरुस्ती मी पाठवली. हा प्रोग्राम सांभाळणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट आहे. एकानं मेल पाठवली की ती सगळ्यांना जाते आणि संग्रहात कायमची राहते. मी एका मेलमध्ये करता येतील तेवढे सगळे गुन्हे केले. लिस्टचा पत्ता शोधायचा कंटाळा, म्हणून कुणाच्या तरी जुन्या मेलला रिप्लाय दाबून विषय बदलला. त्यामुळे माझी मेल दुसऱ्यांच्या चाललेल्या चर्चेत जाऊन बसली. माझा मजकूर वर, खाली त्या दिवशीच्या सगळ्या मेलांचं लांबलचक शेपूट. अक्षरं निळी. शेवटी कॉलेजचं रंगीत चिन्ह आणि ‘आपला दिवस शुभ जावो’.

लिस्टचे संयोजक पुण्यातले एक गृहस्थ आहेत. तासाभरात त्यांनी सगळ्यांसमक्ष उत्तर दिलं. “बाई, ही लिस्ट म्हणजे सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नव्हे. आधी मेल लिहायला शिका, मग प्रोग्राम लिहा.” दुरुस्तीबद्दल एक अक्षर नाही. आणखी दोघांनी त्याखाली हसून घेतलं.

 संध्याकाळी जांब्याला घरी आले तर आई जिन्यात उभी राहून भाडेकरूला झापत होती. आमच्या आठ खोल्या आयटीतल्या पोरांना दिलेल्या आहेत आणि जिन्याच्या भिंतीवर आईनं मार्करनं नियम लिहून ठेवलेत. चपला भायेर. मोटर सहालाच. पावना दोन दिस. मी तिला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती माझी बाजू घेईल.

“मंजे तू त्यांच्या जिन्यात चपला काडल्या,” ती म्हणाली.

“आई, त्यानं मला सगळ्यांसमोर बाई म्हटलं!”

“मग चपला भायेर काड. आन् मंग भांड.”

हे मला पटलं. स्वतः चुकलेल्या माणसाला सूड घेता येत नाही, आधी स्वतःची कागदपत्रं चोख लागतात. म्हणून मी ठरवलं, की ह्या गृहस्थांच्या नियमांत मी त्यांच्यापेक्षा पक्की होणार.

ते स्वतः मट वापरायचे. काळ्या पडद्यावर नुसती अक्षरं दाखवणारा मेलचा प्रोग्राम. चित्र नाही, बटण नाही, माउस नाही. त्याला सगळं एका साध्या फाइलमध्ये ओळीनं लिहून सांगावं लागतं. मी पहिल्यांदा कुणाची तरी तयार फाइल उचलली तर मेल यायचीच बंद झाली. मग ती फेकून दिली आणि कोऱ्या फाइलपासून बसले. मेल कुठून आणायची, एक ओळ. कुठून पाठवायची, एक ओळ. नेहमीचा पासवर्ड चालेना, त्यासाठी वेगळा काढावा लागला. ही मेलिंग लिस्ट आहे, असं त्याला नाव घेऊन सांगेपर्यंत लिस्टला उत्तर द्यायची कळ चालत नव्हती. एका कळीनं उत्तर फक्त पाठवणाऱ्याला जातं, दुसरीनं सगळ्यांना, तिसरीनं लिस्टला, आणि ह्या तिन्हींतला फरक मी आईच्या आवाजात पाठ केला.

सगळ्यात जास्त छळलं सहीनं. सहीच्या वर दोन आडव्या रेघा आणि त्यांच्यापुढे एक मोकळी जागा द्यावी लागते, तरच समोरच्याचा प्रोग्राम सही ओळखून वेगळी ठेवतो. मी ज्यात मेल टाइप करायचे तो एडिटर शहाणपणा करून ती मोकळी जागा दर वेळी पुसून टाकायचा. आठवडाभर मी त्या न दिसणाऱ्या जागेच्या मागे लागले होते. सापडल्यावर एकटीच खुर्चीत टाळ्या वाजवल्या, तर दारातल्या शिपायानं आत डोकावून बघितलं.

मग मी लिस्टवर नुसती वाचत बसले. उत्तर द्यायचं तर समोरच्याची लागेल तेवढीच ओळ ठेवायची, बाकीचं कापायचं, आपलं म्हणणं त्याच्या खाली लिहायचं. नव्या विषयाला नवी मेल. ‘धन्यवाद’ एवढ्यासाठी सगळ्यांना उठवायचं नाही. रागाच्या भरात लिहिलेली मेल लगेच पाठवायची नाही. नियम खरंच चांगले होते, आणि ह्याचा मला जास्तच राग आला. मी ‘उट्टं’ फोल्डर काढला तो त्या गृहस्थांच्या चुका साठवायला. दीड वर्षात एक चूक नाही. नियमातल्या बहात्तर अक्षरांच्या पुढे त्यांची ओळ कधी गेली नाही. इतक्या स्वच्छ माणसाचा दुसऱ्याला फार त्रास होतो.

शेवटी प्रोग्रामची नवी आवृत्ती आली. मी ती ग्रंथालयातल्या मशीनवर चढवली, सवयीनं मराठीत ६३३ टाकलं, आणि भाताचं पुस्तक समोर आलं.

प्रोग्राममधला प्रत्येक बदल कुणी केला ह्याची नोंद राहते, ती उघडून बघितली. अकरा ओळी. माझ्याच शब्दांत, माझ्याच क्रमानं. दुरुस्ती चालते का ते तपासायला मी एक नमुना जोडला होता, आमच्या मागच्या कपाटातलं तेच भाताच्या लागवडीचं पुस्तक. तोसुद्धा जसाच्या तसा. पुण्यातल्या गृहस्थांना नमुना म्हणून दुसरं एखादं पुस्तक सुचू नये? करणाऱ्याच्या जागी नाव त्यांचं होतं.

 मला आनंद झाला, खरं सांगते, सणाला होतो तसा. नव्या आवृत्तीची त्यांची मेल ‘उट्टं’मध्ये टाकली, पहिलीच.

त्यांचंच ते जुनं उत्तर उघडलं. सगळं कापलं, एक ओळ ठेवली: ‘आधी मेल लिहायला शिका, मग प्रोग्राम लिहा.’ तिच्याखाली लिहिलं, ‘शिकले. प्रोग्राम मात्र आधीच लिहिला होता. माझी त्या दिवशीची मेल आणि तुमची नोंद, दोन्हींचे दुवे खाली आहेत. कृपया शेजारी शेजारी ठेवून पाहावं.’ मग सही, दोन रेघा आणि मोकळ्या जागेसकट. मेल अर्धवट ठेवायची सोय मटमध्ये आहे. रागात पाठवायचं नाही, हा नियम मी पाळला. आठ दिवस रोज ती मेल उघडून एकेक शब्द काढत होते. राग कमी व्हायला नव्हे, धार लावायला. नवव्या दिवशी चहाच्या वेळी पाठवली.

वीस मिनिटांत त्यांचं उत्तर आलं. फोनवरून. मजकूर वर, खाली माझी सगळी मेल न कापता, अक्षरं रंगीत, तळाला फोन कंपनीची जाहिरात. ‘घाईत राहून गेलं. असल्या गोष्टी सगळ्यांसमोर आणायच्या नसतात.’ दीड वर्षाचा उपास सुटला. संध्याकाळपर्यंत दोघांनी त्यांना त्यांचेच नियम पाठवले. त्यातला एक तर मागे मला हसलेला होता. झालेली नोंद पुसता येत नाही, म्हणून त्यांना तिच्याखाली दुसरी करावी लागली: ही दुरुस्ती मूळ अमुकीची. माझं पूर्ण नाव, आडनावासकट.

घरी येऊन लॅपटॉप आईपुढे ठेवला. तिनं निवडायच्या तांदळाची परात बाजूला सारली आणि त्या ओळीवर बोट ठेवून माझं नाव वाचलं.

“हे आता कुनी काडू शकत न्हाई?”

“नाही.”

“आन् त्यानं केल्यालं बी तितंच ऱ्हातं?”

“तेही राहतं. कायमचं.”

तिनं हात पदराला पुसले. “आमचा फेरफार बी आसंल का गं असा कुटं?”

जुने फेरफार सरकारी साइटवर मिळतात. अर्ध्या तासात सापडला. तिचं नाव, त्यापुढे ‘हक्क सोडला’, आणि लाभ कुणाला, तर मामाचं नाव. त्याच सकाळी मामानं नातेवाइकांच्या ग्रुपवर राखीपौर्णिमेचा भलामोठा संदेश टाकला होता, फुलं, निरांजन, आणि मधे एक वाक्य: बहिणींना माहेरचं दार सदैव उघडं.

“तेवडं वाक्य ठिव,” आई म्हणाली. “फुलंबिलं काप. आन् खाली त्यो कागुद लाव.”

“काही लिहू?”

“तुज्या नियमात काय हाय? लागंल तेवडंच.”

मी आईच्या फोनवरून पाठवलं. ग्रुपवर एकेक जण बघत गेला. मग मामाचं आलं, ‘आक्का, हे सगळ्यांसमोर कशाला?’

आईनं चष्मा लावला आणि ते स्वतः वाचलं. “ह्येच्या खाली लिव्ह,” ती म्हणाली, “घरचाच कागुद हाय.”