मुक्तिनाथला नेणारे भीमोजी अण्णा

अण्णांवर मी लिहिणं ही धिटाईच आहे. त्यांना माझ्याहून जास्त ओळखणारी माणसं आमच्या चामराजपेटेत पुष्कळ आहेत. मला नीट लिहिताही येत नाही. काही चुकलं तर सांभाळून घ्यावं.

भीमोजी अण्णा सरकारी बसचे निवृत्त कंडक्टर. चार माणसं एकत्र दिसली की त्यांची बोटं हलायची. ते डोकी मोजायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा. दरवर्षी गल्लीतल्या लोकांना ते यात्रेला न्यायचे. या वर्षी पहिल्यांदाच देशाबाहेर, नेपाळात, मुक्तिनाथला. अण्णांना धरून तेरा जण. त्यांत माझी आई.

निघण्याआधी त्यांनी प्रत्येकाला गळ्यात घालायचं कार्ड दिलं. नाव, आजार, गोळ्या, आणि काही झालं तर कोणाला कळवायचं. भरलेली कार्डं वाचून त्यांनी कपाळाला हात लावला. बाराही जणांनी शेवटच्या ओळीत एकच नाव लिहिलं होतं: भीमोजी अण्णा.

"अहो अक्का, मी तुमच्याच गाडीत असणार. गाडी दरीत गेली तर मला कोण कळवणार, यम?"

"निघताना असलं अभद्र बोलू नका हो, अण्णा," आई म्हणाली.

"सरी, नाही बोलत. पण लिहा तरी!"

कोणी लिहीना. घरातल्या कोणाचा नंबर तिथे घालायलाही सगळे भीत होते. शेवटी अण्णांनी सगळ्या कार्डांवर माझा नंबर घातला. घरात कॉलेजात जाणारा मी पहिला, म्हणून मी. मला काठमांडूतल्या आपल्या दूतावासाचा नंबरही दिला.

"रोज संध्याकाळी सातला माझा फोन येईल. नाही आला तर सकाळी आठपर्यंत थांब. मग इथे फोन कर. स्वल्प भीती वाटेल. वाटू दे. फोन मात्र थांबवू नको."

पाचव्या दिवशी सातला फोन आला नाही. दुसऱ्या सकाळी बातम्यांत मुक्तिनाथच्या रस्त्यावर डोंगर खचलेला दिसला. आठ वाजता मी फोन हातात घेतला.

"हरवले, असं तोंडातून काढू नकोस," बाबा म्हणाले. "रेंज नसेल. येईल फोन."

गल्लीतली मोठी माणसंही तेच म्हणाली. मी बाबांचं नाव सांगतोय, पण खरं म्हणजे मला स्वतःलाच विचारायचं नव्हतं. विचारलं नव्हतं तोवर आई जिवंत होती. नऊ वाजले, अकरा वाजले. दुपारी दोन वाजता मी फोन केला. हिंदी बोलताना जीभ अडखळत होती. पलीकडच्या साहेबांनी शांतपणे नावं उतरवून घेतली. म्हणाले, "त्या रस्त्यावर ही गाडी आहे, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं."

दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरावरून फोन आला. आई होती.

"मी बरी आहे रे. काल संध्याकाळी हेलिकॉप्टर आलं."

"अण्णा?"

"दरड आली तेव्हा त्यांनी आम्हाला उतरवून मागे पळवलं. दोघी गाडीतच राहिल्या होत्या, त्यांना आणायला गेले. त्या आल्या. अण्णांवर दगड पडला. काल दुपारपर्यंत बोलत होते. सारखं म्हणत होते, सकाळी त्याने फोन केला असेल, येतीलच कोणीतरी."