भावाच्या वाट्याचा रोट

सुरतेत पांडेसराच्या चौकात माझ्या धाकट्या भावाचं बॅनर लागलंय. उघडं अंग, हातात ग्लोव्ह्ज आणि चेहऱ्यावर असा राग, जसं घरी त्याला कुणी कधी जेवायलाच वाढलं नाही. आमच्या घरात पहिलं ताट त्याचंच असायचं. रिक्षातून जाताना मी त्या बॅनरकडे बघत नाही. बघितलं की पोटात दुखतं, आणि ते का दुखतं हे मला चांगलं माहीत आहे.

किकबॉक्सिंगच्या क्लासला आधी मी जात होते. वडील धुळ्याकडून सुरतेला आले ते डाइंग मिलच्या कामाला, आणि क्लास मिलमागच्याच एका हॉलमध्ये भरायचा. माझी लाथ सरांच्या पॅडवर बसली की मुलं खेळ थांबवून वळून बघायची. भाऊ माझ्यामागे लागून आला तेव्हा त्याला एका पायावर धड उभं राहता येत नव्हतं. ते मी शिकवलं. मग एक दिवस वडील म्हणाले, "पोरनं नाक मोडनं ते कोन करी तिले?" माझा क्लास बंद झाला. पुढे नाक भावाचं मोडलं. ते वाकडं नाक वडील पाहुण्यांना कौतुकाने दाखवतात. माझं सरळ नाक घेऊन मी बारडोलीला एका शिक्षकाच्या घरी नांदायला गेले.

भाऊ प्रो झाला. गेल्या श्रावणात त्याची किताबाच्या बेल्टची फाइट ठरली आणि फाइटआधी वजन करायचा दिवस नेमका कानबाईच्या सणात आला. खानदेशी माणूस कुठेही गेला तरी श्रावणात घरी कानबाई बसवतो. आमच्याकडे घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेऊन दळतात, त्याचे गोड रोट करतात आणि ते घरच्यांनीच खाऊन संपवायचे असतात. परक्या कुळाला द्यायचे नाहीत. लग्न झालेली लेक परक्या कुळाची.

आईने सवयीने भावाच्या नावाची मूठही धरली होती. इकडे त्याचं वजन त्याच्या गटापेक्षा अर्धा किलो जास्त. तो प्लास्टिकचा सूट घालून गच्चीत दोरीवर उड्या मारत होता, पाणीसुद्धा घोटघोट पीत होता. संध्याकाळी काटा पुढे गेला तर फाइट रद्द.

"आई, मी आज रोट खावाव नही," तो म्हणाला.

आई रडकुंडीला आली. वडिलांना डायबेटिस, त्यांना स्वतःचाच वाटा संपत नव्हता. रोट उरला तर कानबाई कोपेल, भावाने खाल्ला तर बेल्ट जाईल. सणाला माहेरी आलेल्या मला आतून बरं वाटत होतं, खोटं कशाला सांगू. अडकू दे एकदा, असं वाटत होतं.

तेवढ्यात आईने ताट माझ्यापुढे सरकवलं. "खाई ले माय. तुना भाऊना वाटाना शे."

"मी ते परकी ना?"

"आज नही. आज तेनं वजन शे."

मी खाल्ला. तुपात मऊ पडलेला, गुळाचा, लग्नाआधी खायचे तसाच. भाऊ दारात उभा राहून कोरड्या ओठांवरून जीभ फिरवत बघत होता. त्याला माझा हेवा वाटतोय, हे मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. म्हणून मी सावकाश खाल्ला.

संध्याकाळी वजन बरोबर भरलं. बेल्टही त्यालाच मिळाला. कानबाई माझ्या पोऱ्याला पावली, असं आई आल्यागेल्याला सांगत राहिली. रोट कुणी खाल्ला होता, ते तिने कुणालाच सांगितलं नाही.

यंदा श्रावणात त्याची फाइट नव्हती. तो पाटावर ऐसपैस बसला, आईने त्याच्या रोटावर तूप वाढलं. मग माझ्याजवळ येऊन ती हळूच म्हणाली, "माय, तू जरासी बाहेर बस."

मी उठले.